पावसात कशाला येता?

कर्नाटकातल्या आगुंब्यातल्या एका घरी मुक्कामासाठी फोन केला, तर पलीकडून पहिला प्रश्न आला तो हा. बाईंचं हिंदी तोडकं होतं, पण प्रश्न नेमका. म्हणाल्या, डिसेंबरात या. सूर्यास्त दिसतो, रस्ते कोरडे असतात, शूटिंगच्या जागा नीट बघता येतात. जुलैत काय बघणार? लाइट नसते, रेंज नसते, वर जळवा.

मी म्हटलं, सुट्टी जुलैतच आहे. ते खरंच होतं. डिसेंबरात सुट्टी मागणाऱ्यांची आमच्या ऑफिसात रांग असते. जुलैत मागितली की साहेब सही करताना मान वरही करत नाहीत.

"बरं, या. पण जास्तीचे मोजे आणा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पुढे तीन दिवस मी त्यांना अक्का म्हणत राहिलो. तिकडे मोठ्या बाईला सगळेच अक्का म्हणतात.

मला आगुंबे बघायचं नव्हतं, मालगुडी बघायचं होतं. १९८६ साली दूरदर्शनवर 'मालगुडी डेज' लागायची, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पुण्यात आम्ही राहायचो त्या वाड्यात एकच टीव्ही, तोही खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे, लाकडी शटरचा. मालिकेचं ते 'ताना ना तानाना ना' सुरू झालं की आम्ही पोरं जिन्यावरून धडाधडा उतरायचो. सुरुवातीला रेखाचित्रं यायची, आर. के. लक्ष्मण यांची. रोज पेपरात चौकडीचा कोट घालून गप्प उभा राहणारा माणूस ज्यांच्या हातून उतरायचा, त्याच हातानं भावाच्या, आर. के. नारायण यांच्या, गोष्टींना चेहरे दिले, ही जोडणी बरीच पुढे कळली. तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की स्वामी नावाचा मुलगा साधारण माझ्याच वयाचा आहे, त्यालाही गणित येत नाही आणि त्याचे वडीलही चष्म्यावरून बघतात.

एका रात्री मी शाळेचा नकाशासंग्रह काढून मागच्या सूचीत मालगुडी शोधायला बसलो. मालेगाव सापडलं, मालवण सापडलं. वडील म्हणाले, "ते गाव नकाशात नाही, बाळ. त्या लेखकानं ते मनानं वसवलंय." मला ते पटलं नाही. आत्ता तर टीव्हीवर दिसलं होतं. कौलं होती, पायऱ्या होत्या, पायरीवर बसलेला माणूस होता. नसलेल्या गावाचे फोटो कसे निघतील?

वडिलांचं अर्धं बरोबर होतं आणि माझंही अर्धं. आर. के. नारायण यांनी १९३५ च्या त्यांच्या पहिल्या कादंबरीत हे गाव वसवलं, शेजारून शरयू नावाची नदी सोडली, आणि पुढची पन्नासहून जास्त वर्षं ते त्यात माणसं भरत राहिले. मग शंकर नाग नावाच्या दिग्दर्शकानं ते शिवमोग्गा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळी तालुक्यात, घाटमाथ्यावरच्या जंगलात आणून ठेवलं. त्या गावाचं नाव आगुंबे.

या शंकर नागविषयी मला उगाचच आपलेपणा वाटतो. घरची भाषा कोकणी, जन्म उत्तर कन्नडचा, उमेदवारी मुंबईच्या मराठी रंगभूमीवर. चापेकर बंधूंवरचा '२२ जून १८९७' हा मराठी चित्रपट आला, त्याच्या लेखनातही त्यांचा हात होता. मालगुडी केली तेव्हा वय जेमतेम एकतीस. त्यानंतर चार वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९० ला, दावणगेरेजवळ मोटार अपघातात गेले. पहिल्यांदा बंगळुरूला गेलो तेव्हा रिक्षांच्या मागे एका दाढीवाल्या देखण्या माणसाचं स्टिकर सारखं दिसत होतं. मी ड्रायव्हरला विचारलं, हे कोण? त्यानं गाडी चालवता चालवता मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, की मुंबईत येऊन मी जणू गणपती कोण म्हणून विचारलं होतं. ऑटो चालवणाऱ्या नायकाची भूमिका त्यांनी १९८० साली केली होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, रिक्षावाल्यांनी त्यांना खाली उतरू दिलेलं नाही.

आणि गंमत बघा. गोष्टी इंग्रजीतल्या, लिहिणारा म्हैसुरात राहिलेला तमिळ माणूस, जागा कानडी, दिग्दर्शक कोकणी, मालिका हिंदी. स्वामीचे वडील झालेले गिरीश कार्नाड जन्मले आपल्या माथेरानला. म्हणजे तेही एक जंगलातलं गावच.

पनवेलला मत्स्यगंधा पकडली. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे जपून चालते, त्यामुळे रात्रभर कुठल्या ना कुठल्या बोगद्याच्या तोंडाशी आम्ही उभेच होतो. सकाळी उडुपी. तिथून आगुंब्याला लहान बस जातात, मोठी गाडी त्या घाटात वळतच नाही. हेब्री गेलं, सोमेश्वर गेलं आणि रस्ता एकदम उभा राहिला. चौदा नागमोडी वळणं आहेत म्हणतात. मी सातपर्यंत मोजली. सातव्यानंतर समोरची काच पांढरी झाली, वायपर आहे तो फक्त आपलं समाधान म्हणून हलत होता, आणि ड्रायव्हर एका हातानं गाडी वळवत दुसऱ्या हातानं कंडक्टरकडून सुपारीची पुडी घेत होता. कठड्यावर भिजलेली माकडं पाठ करून बसली होती. घाट चढताना एरवी खाली दरी दिसते, त्याची भीती वाटते. इथे दरी नव्हतीच. रस्त्याच्या पलीकडे दुधाच्या पातेल्यात बघावं तसं पांढरं.

उतरलो. छत्री उघडली. उघडली आणि उलटी झाली.

आगुंबे म्हणजे एक रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना कौलारू घरांची रांग, बसथांबा, देऊळ, चार दुकानं, शाळा. काही शेकडा माणसांची वस्ती. बसथांब्यासमोरच्या हॉटेलात शिरलो. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या छत्रीकडे बघून मान हलवली आणि गरम बन्स पुढे ठेवले. पिकल्या केळ्यात मळलेल्या गोड पुऱ्या असतात त्या, उडुपीपासून इकडे सगळीकडे मिळतात. मी बायकोला फोन लावायचा प्रयत्न करत मराठीत पुटपुटत होतो, ते त्यांनी ऐकलं. "खंयचे तुमी?" गृहस्थ कोकणी निघाले. मी पुणे म्हटलं. त्यांनी बाहेर बोट दाखवलं, "पावसु." बस्स, एवढंच. त्या एका 'पावसु'त स्वागत, सूचना आणि थोडी कीव असं सगळं होतं. तिकडे अशा माणसाला माम म्हणतात, मीही म्हटलं.

मामना मी तो प्रश्न विचारला, जो बहुधा त्यांना रोज कुणीतरी विचारत असणार. मालगुडीचं स्टेशन कुठाय?

माम हसले. आगुंब्याला रेल्वे आलीच नाही कधी. मालिकेतलं ते छोटं स्टेशन अरसाळूचं, शिवमोग्ग्याच्याही पलीकडे, तालगुप्पाकडे जाणाऱ्या रुळावर. त्या जुन्या इमारतीचं रेल्वेनं २०२० साली मालगुडी संग्रहालय केलं आहे. म्हणजे रस्ता इथला, स्टेशन तिथलं आणि नदी कागदावरची. स्वामी गाडीतून उतरून घरी चालत यायचा, तेव्हा मधल्या कापात कित्येक कोस आणि एक आख्खं जंगल गायब व्हायचं. नऊ वर्षांच्या मला ते कसं कळणार होतं!

मालिकेतलं घर मात्र इथेच आहे, दोड्डमने. शब्दशः मोठं घर. शंभराहून जास्त वर्षांचं, कोरीव लाकडी खांबांचं, मधे चौक. आल्यागेल्याला तिथे कषाय देतात. त्या घरात आजही माणसं राहतात, स्वयंपाक होतो, कुणीतरी आजारी पडतं, कुणाचं तरी लग्न ठरतं. म्हणून त्यांच्याबद्दल मी फार लिहीत नाही, आणि मोबाइलही खिशातच ठेवला होता. एवढंच सांगतो की ओसरीवर टेकलो तेव्हा पाय आपोआप आखडून घेतले गेले, परक्याच्या देवघरात घेतो तसे. माझ्या आठवणीतल्या मालगुडीत ऊन आहे. चौकात उन्हाचा स्वच्छ चौकोन, त्यात कुणीतरी पापड वाळवतंय, पायरीवर सावली, रस्त्यावर धुळीतून चाललेली पोरं. इथे त्या चौकोनात चारही पाख्यांवरून पाणी कोसळत होतं. पागोळ्या म्हणवत नाही त्यांना, पागोळी नाजूक असते. हातात कषायाचा पेला, धण्या-जिऱ्याचा आणि मिऱ्याचा वास, गूळ-दूध. आणि समोर असं काही चाललेलं, जे पडद्यावर मी कधी पाहिलंच नव्हतं.

बाहेर रस्त्यावर एक तरुण जोडपं रील काढत होतं. मोबाइल पारदर्शक पिशवीत, त्यातून तीच 'ताना ना' धून, आणि तो मुलगा भिजत्या पायरीवर स्वामीसारखा गालावर हात ठेवून बसलेला. चार वेळा उठला, चार वेळा बसला. मला राग आला. मग लक्षात आलं की बस घाट चढायला लागल्यापासून मीही तेच गुणगुणतोय, फक्त तोंड मिटून.

अक्कांचं घर गावाबाहेर, सुपारीच्या बागेत. तिथे पोचलो आणि दारातच थबकलो, कारण ओसरी बंद होती. म्हणजे ओसरीच्या मोकळ्या बाजूला सुपारीच्या वाळक्या झावळ्यांची विणलेली भिंत उभी केली होती, छपरापासून जोत्यापर्यंत. झड! राजापूरकडच्या आमच्या आजोळी मे संपता संपता आजोबा पडवीला अशीच झड बांधायचे, माडाच्या झापांची. मग चार महिने पडवीत हिरवट अंधार असायचा आणि त्या झडीच्या भोकांतून आम्ही भावंडं बाहेरचा पाऊस 'बघायचो', म्हणजे एकेका भोकापुढे एकेक डोळा. आता ते घर स्लॅबचं झालं, झड बांधणारं कुणी उरलं नाही. जिथे उरलंय तिथे निळी ताडपत्री आली. मी तो शब्द शेवटचा कधी उच्चारला होता कुणास ठाऊक. अक्कांना विचारलं, याला काय म्हणतात? "तट्टी." सोगे म्हणजे सुपारीची झावळी, तिची तट्टी. वाळ्याच्या तट्ट्या आपल्याकडेही होत्याच की, उन्हाळ्यात पाणी मारायला.

मग मला नादच लागला. आमचं बोलणं त्यांच्या मोडक्या हिंदीत आणि माझ्या त्याहून मोडक्या कानडीत चालायचं. मधेच एखादा शब्द दोघांच्याही ओळखीचा निघाला की आम्ही दोघंही थांबायचो. हंडे म्हणजे हंडा. कंबळी म्हणजे कांबळं. डोक्यावरून खोळ करून घोंगडी घेतलेला गडी बागेतून गेला, त्या खोळीला कोप्पे म्हणतात. या भागाच्या मलेनाडु या नावाचा अर्थ मी पाऊसप्रदेश असा लावला होता. तो चुकला. मले म्हणजे डोंगर आणि मळे म्हणजे पाऊस. अक्कांनी तीनदा म्हणवून घेतलं, माझा ळ त्यांना पसंत पडला. "उत्तरेकडच्यांना येत नाही," म्हणाल्या. महाराष्ट्राला कुणी उत्तर म्हटलं नाही असा प्रसंग मला पहिल्यांदाच लाभला.

सगळ्यात मोठी फजिती पहिल्या संध्याकाळी झाली. मी गुडघ्यापर्यंत चिंब. अक्का माझ्या मोज्यांकडे बोट दाखवत म्हणतायत, "ओले, ओले." मी म्हणतोय, हो ना, फारच ओले. त्या आणखी जोरात, "ओले! ओले!" मी आणखी अजिजीनं, हो हो, ओले, सगळेच ओले. शेवटी त्यांनी मला हाताला धरून न्हाणीकडे नेलं. तिथे मातीच्या भिंतीत बसवलेला तांब्याचा हंडा, खाली सुपारीच्या सालींचा विस्तव, आणि वर आडव्या काठ्यांवर घरातले सगळे कपडे. कानडीत ओले म्हणजे चूल.

चार महिने ही चूल विझत नाही. पाणी तापवायला तर ती असतेच, पण खरं काम कपडे वाळवायचं. वाळवायचं म्हणजे धुरी द्यायची. नातवाचा शाळेचा युनिफॉर्म, अक्कांची लुगडी, यजमानांचं पंचा-धोतर, सगळ्याला तोच वास. तिथून आणलेला माझा एक शर्ट तीनदा धुतला तरी कपाटात अजून आगुंबे आहे.

आता पावसाबद्दल. आगुंब्याला वर्षाकाठी सरासरी साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यात पडतो सातशे-साडेसातशे, म्हणजे दहापट. आपल्या आंबोलीच्या तोडीचा. समुद्रावरून येणारे ढग सपाट किनाऱ्यावरून विनातक्रार आत येतात आणि मग त्यांच्यापुढे ही भिंत उभी राहते. वर चढताना थंड होतात आणि अंगावरचं सगळं इथेच उतरवून ठेवतात. हे पाचवीच्या भूगोलात होतं. पण तेव्हा कुणी हे सांगितलं नव्हतं की असा पाऊस पडत असताना जेवणाच्या पानावर एकमेकांशी बोलता येत नाही. अक्का भात वाढताना ओरडून विचारायच्या आणि मी हातानं नको म्हणायचो. कडुबू, कोवळ्या कैऱ्यांचं अख्खं लोणचं, अळूवडीचे भाऊबंद असलेले पत्रोडे. चव लागत होती, गप्पा होत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून मी नुसता झडीच्या आत बसून ऐकत होतो. कौलांवरचा आवाज वेगळा, सुपारीच्या पानांवरचा वेगळा, अंगणातल्या शेवाळावरचा तर आवाजच नाही, नुसता दाब. मधेच वारा फिरला की पाऊस बाग सोडून रस्त्यावर जायचा आणि आपल्याला ऐकू यायचं तो कसा दूर दूर चाललाय. वाटायचं, आता थांबेल. मग पुन्हा बागेच्या टोकापासून तो कौलाकौलानं येताना ऐकू यायचा. वीज सकाळीच गेली होती. फोन दगड झाला होता. मला फार छान वाटत होतं, हे लपवून काय करू.

छान वाटणं हे पाहुण्याचं असतं, हे त्याच संध्याकाळी कळलं. यजमान ओसरीच्या टोकाला उभं राहून बागेकडे बघत होते, ते माझ्यासारखे ऐकत नव्हते. मोजत होते. सुपारीला पावसात कोळेरोग येतो. कोवळी फळं कुजून गळतात. त्यासाठी मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण घोसांवर फवारायचं असतं. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर झाली होती, दुसरीची वेळ आली होती. फवारायला गडी झाडावर चढला पाहिजे, खोडं बुळबुळीत. आणि फवारलेलं वाळायला थोडी उघडीप हवी. ती गेले दहा दिवस नव्हती. झाडाखाली पडलेली हिरवी फळं त्यांनी मला दाखवली, बोटानं दाबून. देठाकडे पांढरट बुरशी, दाबल्यावर पाणी. "सिनेमावाले उन्हात येतात," ते म्हणाले, "हिशेब पावसात होतो." ते माझ्यावर चिडले नव्हते. मोरचुदाचे भाव सांगता सांगता त्याच सुरात बोलून गेले.

अक्का नव्या सून म्हणून आल्या, त्या सुमारास गावात शूटिंग होतं. सासूबाईंनी एकदाच जाऊ दिलं, तेही देवळाला जाताना. काय पाहिलं? "एक लहान पोर. तेच ते परत परत धावायचं. सासूबाई म्हणाल्या, बिचाऱ्याची आई कुठाय?" टीव्ही त्यांच्याकडे पुढे कितीतरी वर्षांनी आला. आम्ही पुण्यात जे गाव डोळे फाडून पाहत होतो, ते गाव स्वतःला पाहू शकत नव्हतं. मी म्हटलं, मग नंतर बघितली असेल ना मालिका? हो, नातवानं मोबाइलवर दाखवली. कशी वाटली? त्यांनी थोडा विचार केला. "सगळे हिंदी बोलतात," म्हणाल्या, आणि तांदूळ निवडायला लागल्या.

आगुंब्यातले खरे नट मात्र वेगळेच. बागेच्या कडेला, बांबूच्या बेटाखाली, मे महिन्यात नागराजाच्या मादीनं घरटं केलं होतं. हा साप मुख्यतः सापच खातो, आणि घरटं बांधणारा जगातला हा एकच साप. मादी अंगाच्या वेटोळ्यानं वाळका पाचोळा ओढून ढीग करते, आत वीस-तीस अंडी, आणि वर राखण करत बसते. अभ्यासक येऊन बघून गेले, कुणी हात लावला नाही, अक्कांनी लांबून हळदकुंकू वाहिलं. इथे त्याला काळिंग म्हणतात. रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ साली इथे पर्जन्यवनाचं संशोधन केंद्र उभं केलं ते याच्याच ओढीनं. २०२४ मध्ये संशोधकांनी पश्चिम घाटातला नागराज ही वेगळी जात ठरवली, तेव्हा शास्त्रीय नावात कानडी 'काळिंग' जसाच्या तसा गेला. मला त्या संध्याकाळी विस्मय वाटला तो त्या पाचोळ्याचा. पहिल्या पावसाचे दणके त्या ढिगानं सोसले आणि आतली अंडी कोरडी राहिली. आणि माझी, नावाजलेल्या दुकानातून आणलेली, जलरोधक म्हणून तिप्पट किमतीची बॅग पहिल्या दिवशी आतून ठिबकत होती.

तिसऱ्या दिवशी सूर्यास्त पॉइंटला गेलो. स्वच्छ दिवसात तिथून पश्चिमेला अरबी समुद्र दिसतो. कठड्यापाशी मी आणि एक कुत्रा. समोर काहीही नव्हतं. ढगही नव्हता, कारण ढगाला कड असते. दहा मिनिटं उभा राहिलो, मग कुत्रा गेला, मीही निघालो. परतताना पायाला गार लागलं. मोजा खाली केला तर घोट्याच्या वर जळू, चांगली टम्म झालेली, काळ्या द्राक्षासारखी. इंबळ म्हणतात तिला. दुखत काहीच नाही, हेच वाईट. अक्कांनी दिलेली तंबाखूची पुडी खिशात होती, पण ती भिजून तिचा लगदा झालेला. मग वाट बघितली. पोट भरलं तशी ती आपणहून सुटून पडली, आणि पुढचा तासभर पायावरून रक्ताची बारीक ओळ पावसात मिसळत राहिली. घरी पोचेपर्यंत मोजा गुलाबी.

त्या संध्याकाळी अक्कांचा नातू न्हाणीत ओलेसमोर उकिडवा बसला होता. सहावीत आहे. सकाळी शाळेत गेलेला युनिफॉर्म चिंब होऊन परत आला होता, दुसरा जोड आधीच दमट. आपल्या मराठी शाळेत असतो तसाच काहीतरी गणिताचा पेपर उद्या होता त्याचा. काठीवरच्या चड्डीची जागा तो सारखी बदलत होता, आचेच्या बरोबर वर यावी म्हणून. मी दारात उभा, हातात माझे गुलाबी मोजे. काठीवर जागा नव्हती. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि नम्रपणे मान हलवली, आज नाही जमणार.

तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी ओरडत गेलं. रेंज आली होती कुठेतरी, कुणाच्या तरी मोबाइलवर जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम पोचला होता. "नाळे रजे! नाळे रजे!" एका घरातून दुसऱ्या घरात, मग आमच्या अंगणात. नाळे म्हणजे उद्या. रजे मला कुणी सांगावं लागलं नाही.

पोरगं ताडकन उठलं. न्हाणीच्या दाराशी माझ्या बाजूने घुसून, झडीखालून वाकून, छत्रीबित्री न घेता बाहेर. क्षणभरात पावसानं त्याला पुसून टाकलं, नुसता आवाज ऐकू येत राहिला.

अक्का आल्या. त्यांनी काठीवरची चड्डी उचलून कडेला सारली, माझ्या हातातले मोजे घेतले, पिळले आणि आचेच्या बरोबर वर टाकले.

"ओले," मी म्हटलं.

"ओले," त्या म्हणाल्या, आणि विस्तवात आणखी दोन साली सरकवल्या.